आमची वाटचाल : रद्दीच्या काट्यापासून बोलीपर्यंत

आमच्या दुकानाला दर्शनी भाग नाही. औरंगपुऱ्यातल्या पुस्तकांच्या दुकानांमागे एक गल्ली आहे, तिथे जिना चढून वर दोन खोल्या. एकीत कपाटं. दुसरीत टेबल, त्यावर दिवा, भिंग, फूटपट्टी आणि वजनकाटा. दुर्मिळ पुस्तकांच्या लिलावात काटा कशाला, असं नवा माणूस हमखास विचारतो. काटा अण्णांचा, म्हणजे वडिलांचा. ते रद्दी घ्यायचे. आणि आमच्या शहरात दुर्मिळ पुस्तक अजूनही आधी काट्यावरच येतं, मग टेबलावर.

मी एमएला असताना रविवारी जाफरगेटच्या बाजारात अण्णांबरोबर जायचो. तिथे एका चाचांच्या पोत्यात पन्नासेक पानांचं एक चोपडं सापडलं. दोन पिना, दोन्ही गंजलेल्या, पिनेभोवती कागदाला तांबूस भोक पडलेलं. सायक्लोस्टाइल केलेल्या, म्हणजे स्टेन्सिलवरून शाईने उमटवलेल्या कविता. मी ते हातात धरून उभाच राहिलो तर चाचा म्हणाले, "रख ले बाबू, उसमें तो फोटू बी नई." पैसे घेतले नाहीत. विद्यापीठात सरांना दाखवलं. सर बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हे तुझ्याकडे ठेवू नकोस, हरवशील. नाहीतर ठेव आणि यातलंच काहीतरी कर."

ते साठीच्या दशकातलं एक अनियतकालिक होतं. प्रस्थापित मासिकांचे दरवाजे ठोठावत बसण्यापेक्षा स्वतःच स्टेन्सिल कापायची आणि मित्रांत वाटायचं, असा तो काळ. अरुण कोलटकर, दिलीप चित्रे आणि रमेश समर्थ यांचं 'शब्द' त्याही आधीचं, पन्नाशीच्या दशकातलं. मग अशोक शहाणे यांचं 'असो'. 'वाचा' तर आमच्या शहरातलं. भालचंद्र नेमाडे यांचा पहिला कवितासंग्रह 'मेलडी' 1970 साली 'वाचा' प्रकाशनानेच काढला. मुंबई-पुण्याच्या लोकांना हे सांगितलं की ते "अच्छा, औरंगाबादहून?" असं म्हणतात. हो, औरंगाबादहून. आता शहराचं नाव बदललं, पण आमच्या सूचीत प्रकाशनस्थळ पुस्तकावर छापलंय तसंच जातं. त्यावरून फोन येतात, दोन्ही बाजूंचे. आम्ही पान उघडून फोटो पाठवतो.

गंगाधर पानतावणे यांचं 'अस्मितादर्श' हे नियतकालिकही इथलंच. त्याचे सुरुवातीचे अंक 'अस्मिता' नावाने निघाले होते. 'अस्मितादर्श' शोधत येणारे कैक जण नेमके तेच अंक बाजूला सारतात. या धंद्यातली कमाई म्हणाल तर अशा फटींत आहे.

सुरुवातीला मी ठरलेल्या किमतीनेच विकायचो. अडचण अशी की जगात ज्या चोपड्याच्या दहा प्रतीही उरल्या असतील की नाही कळत नाही, त्याची किंमत कोण ठरवणार? मी दोनशे म्हणालो तर घेणारा झटकन घ्यायचा आणि त्या झटक्यातच कळायचं की आपण फसलो. दोन हजार म्हणालो तर वर्षभर धूळ. म्हणून लिलाव. पहिला लिलाव एका व्हॉट्सॅप ग्रुपवर झाला. रविवारी रात्री आठला सुरू, दहाला बंद. सगळे दहाला दोन मिनिटं असताना जागे व्हायचे आणि कुणाची बोली आधी आली यावरून भांडणं. मग नियम केला : शेवटच्या पाच मिनिटांत बोली आली की वेळ पाच मिनिटांनी पुढे सरकणार. एकदा एक लॉट, म्हणजे एका बोलीत जाणारा नग, रात्री पावणेबाराला बंद झाला. परभणीचे एक डॉक्टर आणि मुंबईचे एक चित्रकार, दोघंही मागे हटेनात. लिलावाला दोन वेडे लागतात. एकच असला तर पुस्तक सुरुवातीच्या बोलीलाच जातं, मग ते कितीही दुर्मिळ असो. ही गोष्ट पुस्तक देणाऱ्यांना समजावून सांगताना माझं निम्मं आयुष्य गेलं. "अहो, पहिली आवृत्ती आहे!" असेल हो. ती हवी असणारे किती आहेत?

आता आम्ही वर्षाला चार लिलाव करतो, छापील सूचीसह. पुस्तक देणाऱ्याकडून 15 टक्के कमिशन. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य, पण आमच्या कमिशनवर 18 टक्के. हे ऐकून देणारा आमच्याकडे असा बघतो जणू तो कर आम्हीच बसवला. राखीव किंमत, म्हणजे त्याखाली विकायचं नाही अशी, ठेवता येते, पण ती आम्ही खाली ठेवायला लावतो. बोली लावून फोन बंद करणारेही भेटले. त्यांची एक वही आहे, ती बायकोकडे असते, कारण मी विरघळतो.

वाटचालीतला मोठा खड्डा सांगितला पाहिजे. तिसऱ्या का चौथ्या लिलावात साठीतल्या एका कादंबरीची पहिली आवृत्ती आम्ही लावली. जॅकेट सुंदर, कडा जराशा विरलेल्या, आतल्या घडीवर किंमत 6 रुपये. पुण्याच्या एका संग्राहक बाईंनी चांगल्या बोलीला घेतली. आठवड्याने त्यांचा फोन. आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं. "अहो, तुम्ही आतलं पान बघितलंत का? जॅकेट पहिल्याचं आहे, पुस्तक दुसऱ्याचं. नवरी बदललीय." खरंच बदलली होती. कुणीतरी, बहुधा पन्नास वर्षांपूर्वी, फाटक्या पहिल्या प्रतीचं जॅकेट काढून चांगल्या दुसऱ्या प्रतीला चढवलं होतं. कदाचित निव्वळ प्रेमापोटी. मी जॅकेटवर भाळलो आणि आवृत्तीच्या पानावर नजर टाकली ती वरवर. पैसे परत, दोन्ही बाजूंचं कुरिअर आमचं, आणि पुढच्या सूचीत चौकट करून चूक छापली. त्या बाई आज आमच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाईक आहेत.

तेव्हापासून टेबलावरचा क्रम ठरला. आधी पुस्तक उघडं करायचं, जॅकेट बाजूला. आवृत्तीचं पान : साल, आवृत्ती, मुद्रक. मग किंमत तीन ठिकाणी जुळवायची. किमतीवर चिठ्ठी चिकटवलेली असेल तर दिव्यासमोर धरून खालचा आकडा वाचायचा. जुनाच साठा प्रकाशकाने वाढीव दराने विकला असेल तर ती पहिलीच आवृत्ती, घाबरायचं कारण नाही. मग पानाच्या पाठीवरून बोट फिरवायचं. खिळ्यांनी, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांनी छापलेलं असेल तर अक्षरांचा दाब बोटाला लागतो. पुढे ऑफसेटवर काढलेलं पुनर्मुद्रण गुळगुळीत असतं. सायक्लोस्टाइलची तऱ्हा निराळी. तिथे शाई कागदात मुरते, अक्षराभोवती तेलाची फिकट कडा दिसते. झेरॉक्स काढून, चहाच्या पाण्यात बुडवून 'मूळ अंक' म्हणून आणलेला एक नमुना आमच्याकडे आहे. झेरॉक्सची काळी भुकटी कागदावर बसते, तिरप्या उजेडात चमकते. चहा जमला होता, चमक राहिली.

सह्यांचं तर विचारू नका. एका संग्रहावर कवीची सही होती, झोकदार, खाली तारीख. पुस्तक 1963 चं, तारीख 1962 ची. माणूस म्हणाला, "आधी सही करून ठेवली असंल." आम्ही चहा पाजून परत पाठवला.

सूचीत आम्ही दोष आधी लिहितो, कौतुक नंतर. 'पान 41 चा कोपरा दुमडलेला, मलपृष्ठावर शाईचा डाग, पाठ उन्हाने उडालेली, शिवण घट्ट.' एका हितचिंतकाने सांगितलं की अशानं धंदा बुडेल. उलट झालं. मुंबईचा माणूस पुस्तक न बघता बोली लावतो तो या चार ओळींच्या भरवशावर.

आमच्या भागाचा एक फायदा बाहेरच्यांना ठाऊक नसतो. मुंबईच्या दमट हवेत पुस्तकाला तपकिरी ठिपके पडतात, पानांना वास येतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत कागद स्वच्छ राहतो. पण चैत्र-वैशाखात पाठीचा डिंक तडकतो आणि पान हातात येतं. शिवाय वाळवी. माळवदाच्या घरात, भिंतीतल्या कपाटात ठेवलेली पुस्तकं समोरून शाबूत दिसतात, आणि ओढली की मागची निम्मी माती झालेली असते. जुन्या लोकांनी पोथ्यांत वेखंड ठेवलं ते उगाच नाही. आमच्याही कपाटांत आहे. सेलोटेप मात्र या खोल्यांत आणायला बंदी. फाटलेल्या पानाला ती वाळवीपेक्षा वाईट.

पोथ्या आम्ही घेत नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्यात 75 वर्षांवरची हस्तलिखितं येतात, त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो, देशाबाहेर नेता येत नाहीत. पोथी घेऊन कुणी आलं की हात जोडतो आणि संशोधन करणाऱ्या संस्थेकडे पाठवतो. ग्रंथालयाचा शिक्का असलेलं पुस्तकही 'रद्द' असा दुसरा शिक्का असल्याशिवाय घेत नाही. एकदा एका संस्थेने पोतीच्या पोती रद्दीत दिली, एकावरही तो शिक्का नाही. पत्र लिहिलं, दोनदा गेलो, उत्तर नाही. त्यातले काही अंक दुसरीकडे कुठेच नसतील. तीन पोती अजून जिन्याखाली पडून आहेत. विकता येत नाहीत, टाकता येत नाहीत.

कलेच्या पुस्तकांकडे आम्ही उशिरा वळलो, आणि ते अजिंठ्यामुळे. निजामाच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावर काढलेले ग्रंथ 1930 ते 1955 या काळात चार भागांत आले. प्रत्येक भागात मजकुराचा खंड वेगळा, चित्रांचा वेगळा. म्हणून घराघरांत एक असतो, दुसरा नसतो. चित्रांचा खंड तर बऱ्याचदा फ्रेमवाल्याने पोखरलेला. आमच्याकडे जालन्याहून तिसऱ्या भागाची चित्रं आली आणि दोन वर्षांनी नांदेडहून त्याच भागाचा मजकूर. एकाच घरातले असावेत असं वाटण्याइतका कापडाचा रंग सारखा. मालक वेगळे, म्हणून दोघांची लेखी संमती घेऊन एकच लॉट केला आणि रक्कम विभागली. त्या दिवशी आपण काही बरं काम करतोय असं वाटलं होतं. ही चित्रं मोजायला बसलं की वेळ जातो. 1920 च्या सुमारास निजामाने इटलीहून माणसं बोलावून मूळ भित्तिचित्रांवर लाखेचा थर दिला, तो पुढे पिवळा पडला. कोणत्या छापात कोणता पिवळा हे बघता बघता चहा गार होतो.

अजिंठ्यामागून आधुनिक चित्रकला आली. 1947 च्या प्रोग्रेसिव्ह ग्रुपच्या चित्रकारांवरच्या पुस्तिका, प्रदर्शनांची चार पानी पत्रकं, 'मार्ग' या कलाविषयक नियतकालिकाचे जुने अंक, बडोद्याहून गुलाममोहम्मद शेख आणि भूपेन खख्खर काढत ते 'वृश्चिक' नियतकालिक. पत्रकं लोक सर्रास फेकतात. पुस्तक जपतात, आमंत्रणपत्रिका फेकतात. त्यामुळे बोली कधीकधी पत्रिकेवरच जास्त चढते.

पहिली आवृत्ती म्हणजे नेमकी कोणती, यावरही वाद होतात. कोलटकरांची इंग्रजी 'जेजुरी' 1974 साली एका इंग्रजी त्रैमासिकात आली, पुस्तक क्लिअरिंग हाउसने 1976 ला काढलं. खरी पहिली कोणती? माझं मत पुस्तकाच्या बाजूने. बायको म्हणते, त्रैमासिक. सूचीत दोन्ही लॉट शेजारी लावले होते, गिऱ्हाइकांनीही निकाल दिला नाही, बोली जवळपास सारखीच. त्याच सूचीत 1977 चा 'अरुण कोलटकरच्या कविता' होता. मुद्रितं तपासणाऱ्या मित्राने आदराने 'कोलटकरांच्या' करून टाकलं. सातशे प्रती छापून झाल्यावर लक्षात आलं. रात्री बसून प्रत्येक प्रतीवरचा तो अनुस्वार आणि काना हाताने झाकला.

पुस्तकं येतात ती मात्र घरांतून. अंबाजोगाईला एका निवृत्त शिक्षकांच्या घरी गेलो होतो. सर वारले, मुलं पुण्यात, काकू एकट्या. कपाट उघडताना म्हणाल्या, "घेऊन जाय बाबा, माझ्याच्यानं धूळ पुसणं व्हईना." चारशेच्या वर पुस्तकं निघाली. त्यात नामदेव ढसाळ यांच्या 'गोलपिठा'ची 1972 ची प्रत होती. मी ती वेगळी काढली, किंमत किती येऊ शकते ते सांगितलं. काकूंनी उघडली. मागच्या कोऱ्या पानावर सरांनी पेन्सिलीने किराण्याचा हिशोब लिहिला होता : तूरडाळ, गूळ, रॉकेल. काकूंनी तो सगळा वाचला, बेरीज चुकली आहे म्हणाल्या, आणि पुस्तक पदराखाली घेतलं. बाकीची आम्ही टेम्पोत भरली.

पुढच्या लिलावाची सूची परवा प्रेसला जायची आहे. लॉट 58 वर मी 'उत्तम प्रत' असं लिहिलं होतं. बायकोने भिंग लावलं, पान 17 वर कसरीने खाल्लेलं टाचणीएवढं भोक दाखवलं, आणि 'उत्तम' खोडून तिथे भोक लिहिलं.