ट्रेन की गाडी? आधी सांगा, चालवणार कोण

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. खरं तर सगळेच विचारतात. युरोपला जायचं ठरलं की आधी व्हिसाची चौकशी होते, मग थंडीच्या कपड्यांची, आणि फोन ठेवता ठेवता हळूच येतं, "बरं, तिकडे ट्रेननं फिरायचं की गाडी घ्यायची?" हा प्रश्न मला ऑफिसात विचारलाय, लग्नाच्या पंगतीत विचारलाय, आणि एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी विचारलाय, माझ्या तोंडात कापूस असताना. कारण एवढंच की आम्ही दोन्ही करून बसलोय. २०१९ साली स्वित्झर्लंड, सासू-सासरे आणि मुलांना घेऊन, पूर्ण ट्रेननं. २०२३ च्या ऑक्टोबरात इटलीतलं टस्कनी, आम्ही दोघं आणि दोन मुलं, भाड्याच्या गाडीनं.

(गाडी म्हणजे इथे चारचाकी. आमच्या सासूबाईंच्या लेखी गाडी म्हणजे आगगाडीच. त्यांना हा प्रश्न सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, "गाडीनं जायचं की गाडीनं, यात विचारायचं काय?")

मी लगेच उत्तर देत नाही. उलट दोन गोष्टी विचारते. रात्री झोपणार कुठे? आणि चालवणार कोण? पहिल्यावर सगळे भराभरा बोलतात. दुसऱ्यावर थोडी शांतता पसरते.

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, पॅरिस असे शहरांतले मुक्काम असतील तर गाडीचं नाव काढू नका. रोमहून फ्लॉरेन्सला वेगवान ट्रेन दीड-पावणेदोन तासांत पोचवते. गाडीनं तेच अंतर पावणेतीनशे किलोमीटर, टोल वेगळा, आणि पोचल्यावर ती ठेवायची कुठे हा दुसरा दिवसभराचा उद्योग. तिकडची मोठी स्टेशनं बहुतेक शहराच्या पोटात असतात. व्हेनिसला तर स्टेशनच्या पायऱ्या उतरलात की समोर मोठा कालवा, होड्या, सगळं तिथेच. गाडीवाल्यांना मात्र शहराच्या तोंडाशी पार्किंगचे पैसे भरून गाडी सोडून द्यावी लागते. स्वित्झर्लंडमधलं त्सेरमाट, वेंगेन, म्युरेन ही गावं तर मोटारींना आत घेतच नाहीत. त्सेरमाटला जाणारे लोक पाच किलोमीटर अलीकडे टॅशला गाडी लावतात आणि शेवटी ट्रेनच पकडतात. भाडं दोन्हीकडे.

ट्रेनचा मला पटलेला मोठा गुण मात्र वेग नाही. तिथे चूक स्वस्तात सुटते. आमचे अप्पा, म्हणजे सासरे, त्याचा पुरावा आहेत.

इंटरलाकेन ओस्ट स्टेशनवरून लाउटरब्रुनेनला जाणारी आणि ग्रिंडेलवाल्डला जाणारी ट्रेन एकमेकींना जोडून निघतात. त्स्वायल्युत्शिनेन नावाच्या स्टेशनवर ती जोडी सुटते. अर्धे डबे उजवीकडच्या दरीत, अर्धे डावीकडच्या. डब्यांवर पाट्या असतात, उद्घोषणा होते. पण अप्पांना पलीकडच्या डब्यात रिकामी खिडकी दिसली आणि "सगळी एकच गाडी आहे" असं म्हणून ते तिथे जाऊन बसले. आम्ही लाउटरब्रुनेनला उतरलो, बॅगा मोजल्या, माणसं मोजली. बॅगा पुऱ्या होत्या. सासूबाईंचा चेहरा पांढरा पडला. तेवढ्यात अप्पांचा फोन: "अगं, इथे समोर एवढा मोठा डोंगर आहे, तुम्ही कुठे आहात?" तो डोंगर म्हणजे आयगर. ते ग्रिंडेलवाल्डला पोचले होते.

मग काय झालं? काहीच नाही. त्यांच्याकडे स्विस पास होता, त्यामुळे दंडबिंड नाही. अर्ध्या तासानं परतीची ट्रेन होती. तोवर त्यांनी कॉफी घेतली, खिशातली दशमी खाल्ली आणि आयगर बघत बसले. सगळ्या सहलीत त्यांना विचाराल तर तोच दिवस सर्वांत छान गेला. तिकडे १९८२ पासून देशभर ठरावीक तालावर वेळापत्रक चालतं. ट्रेन मोठ्या जंक्शनला तासाच्या थोड्या आधी येतात, प्रवासी बदलून घेतात आणि थोड्या वेळात सुटतात. एक चुकली की पुढची कधी हे विचारावंही लागत नाही. घरातली लहान मुलं असतील तर तिथलं फॅमिली कार्डही मागून घ्या, पासधारक आई-वडिलांबरोबर सोळा वर्षांखालची मुलं फुकट.

हे सगळीकडे असंच असतं असं समजू नका. जर्मनीत २०२४ मध्ये लांब पल्ल्याच्या शंभरातल्या जेमतेम बासष्ट-त्रेसष्ट ट्रेन वेळेवर होत्या, आणि 'वेळेवर' म्हणजे सहा मिनिटांपेक्षा कमी उशीर. तिथे मधली ट्रेन बदलायला आठ मिनिटं ठेवून आराखडा आखलात तर तुमचं तुम्ही बघा. आणि तो प्रसिद्ध युरेल पास, युरोपातल्या अनेक देशांच्या ट्रेनना चालणारा. लोकलच्या पासाची सवय असलेल्या आपल्याला वाटतं, पास गळ्यात आहे, आता चढायचं. फ्रान्स, इटली, स्पेनमधल्या वेगवान ट्रेनना पास असूनही सीट वेगळे पैसे भरून राखून ठेवावी लागते. चार माणसांच्या चार-पाच प्रवासांचा तो आकडा लोक हिशोबात धरतच नाहीत. इटलीच्या साध्या रिजनल ट्रेनचं तिकीट मात्र महिनाभर आधी काढा नाहीतर त्याच दिवशी, भाव तोच.

बॅगांचंही सांगते, कारण ट्रेनच्या बाजूनं बोलणारे हे हमखास लपवतात. तिकडे हमाल सहसा मिळत नाहीत. जुन्या डब्यांना तीन उभ्या पायऱ्या असतात आणि ट्रेन तुमच्यासाठी थांबत नाही. पंचवीस किलोची बॅग असेल तर ती नवऱ्याच्या पाठीनं उचलली जाते आणि मग रात्री नवऱ्याची पाठ तुम्ही चोळता. माणशी एक बॅग, स्वतःची स्वतःला उचलता येईल एवढीच, हा नियम आम्ही घरी दोन मजले चढून-उतरून तपासतो.

आता गाडी.

टस्कनीत आम्ही गाडी घेतली, कारण आम्हाला झोपायचं होतं पिएन्झाजवळच्या एका शेतातल्या घरात. पक्क्या रस्त्यावरून आत तीन किलोमीटर पांढऱ्या मातीचा कच्चा रस्ता. तिथे ट्रेन नाही, बस नाही, संध्याकाळी कुत्रं सोडून काही नाही. अशा मुक्कामाला गाडीच हवी. सान जिमिन्यानोला रेल्वे नाही, पिएन्झालाही नाही. बस आहेत, पण बसच्या वेळा पाळायच्या तर सुट्टी कसली.

आणि गाडीनं एक गोष्ट दिली, ती ट्रेननं कधीच दिली नसती. एका वळणावर ऑलिव्हच्या झाडांखाली हिरवी जाळी अंथरून माणसं काढणी करत होती. आम्ही गाडी कडेला घेतली. मुलं नुसतीच बघत उभी होती. एका आजीबाईंनी दोघांच्या हातात प्लास्टिकचे लांब दातांचे पंजे दिले आणि फांदी कशी विंचरायची ते खुणेनं दाखवलं. केस विंचरावेत तसं वरून खाली. फळं टपटप जाळीवर पडतात. पाऊण तास आमची मुलं न भांडता काम करत होती. हे सांगताना मला आजही खरं वाटत नाही.

पण किंमत ऐका. इंटरनॅशनल परमिट इथून निघण्यापूर्वी आरटीओतून काढायचं, ते वर्षभर चालतं, आणि सोबत मूळ लायसन्सही न्यायचं, नुसत्या परमिटवर भागत नाही. काउंटरवर चालवणाऱ्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड मागतात आणि त्यावर बरीच मोठी रक्कम अडकवून ठेवतात. ऑटोमॅटिक हवी असेल तर तसं आधी मागायचं आणि जास्त पैसे मोजायचे. भाडं बघून खूश झालात तर विमा, टोल, पेट्रोल, पार्किंग हे सगळं अजून बाहेर उभं आहे. आमचा तो वरचा खर्च भाड्याच्या निम्म्याहून जास्त झाला. चार माणसं आणि चार बॅगा 'कॉम्पॅक्ट' गाडीत बसत नाहीत. आमची एक बॅग पाच दिवस धाकट्याच्या पायाखाली होती.

पहिला तास तर विनोदीच. नवऱ्याला आमच्या मारुतीची सवय, तिकडे इंडिकेटर डाव्या हाताला. प्रत्येक वळणावर लख्ख उन्हात वायपर. टोलनाक्यावर पिवळ्या टेलिपासच्या रांगेत शिरायचं नाही, ते टॅगवाल्यांसाठी. पंपावर 'बेन्झिना' म्हणजे पेट्रोल आणि 'गाझोलियो' म्हणजे डिझेल, 'सेर्वितो' लिहिलेल्या बाजूला माणूस भरून देतो आणि जास्त पैसे घेतो. पार्किंगच्या रेघा पांढऱ्या असतील तर फुकट, निळ्या असतील तर मशीनमध्ये पैसे, पिवळ्या असतील तर तुमच्यासाठी नाहीत. एवढं दोन दिवसांत अंगवळणी पडतं.

अंगवळणी न पडणारी गोष्ट म्हणजे झेड-टी-एल. 'झोना आ त्राफ्फिको लिमितातो'. जुन्या गावांच्या मध्यभागात ठरावीक वेळेत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. फाटक नाही, पोलीस नाही, नुसता कॅमेरा. लाल कडेची पांढरी गोल पाटी आणि शेजारी एक दिव्यांचा फलक. त्यावर लिहून येतं, 'वार्को आत्तीवो'. मी मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, "ॲक्टिव्ह आहे, म्हणजे चालू आहे, घे आत." वार्को म्हणजे ते प्रवेशद्वार, आणि ते ॲक्टिव्ह आहे म्हणजे कॅमेरा चालू आहे. म्हणजे आत जायचं नाही. 'नोन आत्तीवो' असेल तेव्हा जायचं. नकाशाचं ॲप तर निवांत आत नेत होतं. हॉटेल सापडेना म्हणून आम्ही गोल फिरून त्याच कमानीतून दुसऱ्यांदा आत शिरलो. गावाचं नाव नाही सांगत, उगाच त्यांना बोल नको. चूक आमचीच.

घरी परत आलो, दिवाळी झाली, संक्रांत झाली. एक दिवस कार्डावर भाड्याच्या गाडीवाल्यांनी पैसे कापले. दंड नव्हे, आमचं नाव-पत्ता नगरपालिकेला कळवल्याची फी. दोनदा. आणि जूनमध्ये, पावसात भिजलेलं रजिस्टर पत्र. दोन प्रवेश, दोन दंड, कारण तेव्हा प्रत्येक वेळ वेगळी मोजायचे. परदेशी माणसाला नोटीस पाठवायला त्यांच्याकडे तब्बल ३६० दिवस असतात. पाच दिवसांत भरलं तर तीस टक्के सूट, म्हणून रात्री बारा वाजता लॅपटॉप उघडून भरलं. त्या रात्रीच्या हॉटेलपेक्षा ती कमान महाग पडली.

अप्पा चुकले तर त्यांना आयगर दिसला. आम्ही चुकलो तर आठ महिन्यांनी पोस्टमन आला.

दंडाचं तरी भरून मोकळं होता येतं. परत आल्यावर एका रविवारी आम्ही फोटो टीव्हीवर लावून बसलो होतो. वाल दोर्चाच्या त्या टेकड्या, सुरूच्या झाडांची नागमोडी रांग, खाली धुकं. नवरा म्हणाला, "हे कुठलं?" मी म्हटलं, "अरे, तूच होतास की. तूच चालवत होतास." त्याला आठवत होता समोरचा ट्रक. मोंतेपुल्चानोला सगळे वाइन चाखत होते, हा पाणी पीत होता. तिकडे मर्यादा लिटरला अर्धा ग्रॅम आहे आणि त्याला ती जवळूनही बघायची नव्हती. लायसन्स माझ्याकडेही होतं. पण दुसऱ्या चालकाचे जादा पैसे वाचवायचे म्हणून मी परमिट काढलंच नाही. हा सल्ला माझ्याच तोंडचा होता, हेही लिहून ठेवते.

त्यामुळे आता कोणी विचारलं तर मी असं सांगते: शहरं ट्रेननं करा. मधले तीन-चार दिवस खेड्यात राहायचं असेल तर तेवढ्यापुरतीच गाडी घ्या, तीही शहराबाहेरून. फ्लॉरेन्सला स्टेशनजवळून विमानतळापर्यंत ट्राम जाते. तिथेच गाडी घ्या, तिथेच परत द्या, जुन्या शहरात चाक घालू नका. इटलीत घेऊन स्वित्झर्लंडला सोडायचा विचार असेल तर एकेरीचे जादा पैसे आधी विचारा, बहुतेक वेळा तिथेच विचार बदलतो. आणि चालवणारे दोघं असू द्या.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकू वही घेऊन आल्या. अकरा दिवस, पॅरिस, झुरिक, व्हेनिस, रोम, आणि मध्ये अधोरेखित करून 'टस्कनी ड्राइव्ह'. मी विचारलं, "चालवणार कोण?"

"जावई. तोच एकटा चालवतो ना."

"त्यांना विचारलंत?"

"तो नाही म्हणणारच नाही."

मी म्हटलं, "तेच तर, काकू." आणि वरचं सगळं सांगितलं, वायपरपासून टीव्हीपर्यंत. काकूंनी वही मिटली, चहा संपवला आणि गंभीर होऊन गेल्या. मला वाटलं, चला, एका जावयाची सुट्टी वाचवली.

रात्री त्याचाच मेसेज आला. "ताई, आई म्हणाल्या तुम्ही गाडी नको म्हणताय. प्लीज असं नका ना करू. परमिटला पासपोर्टची झेरॉक्स लागते का?"