उणे ४६ ला तुटलेला तुकडा

बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत जास्त करून पंपाची नि हायड्रॉलिकची कास्टिंग्ज चालतात, पण गेल्या उन्हाळ्यात व्हॉल्व्ह बॉडीची ऑर्डर आली, आखातातल्या एका एलपीजी एक्स्पोर्ट टर्मिनलसाठी, आणि तिच्या इन्स्पेक्शनचा दिवस मी विसरणार नाही.

आधी काम काय ते सांगतो. घरच्या सिलिंडरमध्ये गॅस प्रेशरनं लिक्विड राहतो, पण मोठ्या जहाजात चव्वेचाळीस-पंचेचाळीस हजार टन भरायचा म्हटल्यावर (आपले १४.२ किलोचे तीस लाखांवर सिलिंडर झाले!) एवढा माल प्रेशरखाली ठेवणं परवडतच नाही, म्हणून टर्मिनलवर प्रोपेन उणे ४२ डिग्रीपर्यंत गार करून जवळपास हवेच्याच प्रेशरला साठवतात, वाफ होईल ती कंप्रेसरनं ओढून परत लिक्विड करतात, आणि जहाज लागलं की थोडं थोडं सोडून जेट्टीपर्यंतची लाईन आधी गार करून घेतात, मग भरणं सुरू. भरताना जहाज सरकलं किंवा काही गडबड झाली तर लाईन तिथल्या तिथं बंद करणारे व्हॉल्व्ह असतात, त्यांच्या बॉडी आमच्याकडं होत्या. साधं डब्ल्यूसीबी, म्हणजे नेहमीच्या व्हॉल्व्हचं स्टील, एवढ्या थंडीत काचेसारखं तडकू शकतं म्हणून एलसीसी हा थंडीत टिकणारा ग्रेड, आणि टेस्ट उणे ४६ ला: गार तुकड्यावर हातोडा पाडून तो तुटायला किती ऊर्जा लागते ते बघायचं. तीन तुकड्यांची सरासरी २० ज्यूल पाहिजे आणि १६ च्या खाली एकही नको.

इन्स्पेक्टर सर पुण्याहून आलेले. अ‍ॅसिटोनमध्ये ड्राय आईस टाकून बाथ गार केलेला, त्यात तुकडे, दहा बाय दहा एमएमचे, मधे दोन एमएमची खाच. चिमट्यानं बाहेर काढला की पाच सेकंदांच्या आत हातोडा पडायला पाहिजे, नाहीतर तो टेस्ट धरत नाहीत. पहिला ३१ आला, सगळे खूश. दुसरा १२. तिसरा ९.

मी तुकडे उचलून बघितले. पहिल्याचं तोंड राखाडी, खरबरीत, कडा ताणलेल्या. बाकी दोघांचं सपाट, दाणेदार, चकचकीत, म्हणजे ठिसूळ तुटलेलं. मशीन बघायची गरजच नव्हती.

केमिस्ट्री बरोबर, फर्नेसचा चार्टही बरोबर. मग हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे कास्टिंग्ज तापवून पाण्यात बुडवणाऱ्या, मामांना विचारलं, मामा, त्या दिवशी पाणी कसं होतं? तर म्हणाले, "दोन बास्केट लागोपाठ बुडवायला लावल्या की ओ, घाई होती म्हणून. दुसरी घातली तवा पाण्यातनं वाफा यायलत्या." झालं, तिथंच कळलं. पाणी तापलेलं, स्टील पाहिजे तेवढं झटकन गार झालं नाही, आतला दाणा जाड राहिला.

कंटेनर न्हावाशेवाला जायचा होता, त्यामुळं डिस्पॅचचा एकजण हळूच म्हणाला, दुसऱ्या हीटचा (वेगळ्या ओतणीचा) टेस्ट बार आहे की, त्याचे तुकडे काढून द्या, कुणाला कळायलंय. मला खरंच राग आला. अरे, जेट्टीवर ड्युटीला उभ्या असलेल्या माणसाला कळेल ना! प्रोपेन हवेपेक्षा जड, सुटला की खाली पसरत जातो, हवेत दोन-अडीच टक्के झाला तरी पेटतो, आणि जहाजात भरायच्या मालाला बऱ्याचदा वासही घातलेला नसतो, तो पुढं घालतात. म्हणजे नाकालाही कळणार नाही. आणि आखातातल्या असल्या टर्मिनलवर आपल्याकडची कितीतरी पोरं कामाला आहेत. आपल्या देशातला निम्म्याहून जास्त एलपीजी बाहेरनं येतो, त्यात आखाताचाच वाटा मोठा, म्हणजे अशाच कुठल्यातरी जेट्टीवरनं भरून मंगळूरला उतरलेला गॅस आपल्या बेळगावच्या चुलीवरही असेल.

मालकांनी काही वाद न घालता अख्खा लॉट थांबवला, याचं मला फार बरं वाटलं. कास्टिंग्ज परत तापवल्या, यावेळी एकेक बास्केट, पाणी फिरतं ठेवून, मामा स्वतः थर्मामीटर घेऊन टाकीजवळ उभे. परत टेस्ट, इन्स्पेक्टर सरांसमोरच: ४४, ३९, ४७. कंटेनर उशिरा गेला, पेनल्टीही बसली.

मच्छेत नाहीतर उद्यमबागेत कुणी एलसीसी ओतत असाल तर फर्नेसच्या चार्टबरोबर क्वेंचिंगच्या, म्हणजे बास्केट बुडवायच्या, पाण्याचं टेंपरेचरही लिहून ठेवा, बास्केट घालायच्या आधीचं आणि काढल्यावरचं, दोन्ही. आम्ही आता तसंच करतो.