बघते

३ ऑक्टोबर २०२५, रात्री

दाराच्या तोरणातल्या झेंडूने एका दिवसात मान टाकलीय. टेबलावर कालची आपट्याची पानं, शेजारी वही. सप्टेंबरचं पान अजून कोरं. महिनाभरात काय पाहिलं, काय ऐकलं, त्यातलं काय मनात राहिलं, हे मी दर वेळी आधी लिहून काढते आणि मग ताईला फोन करते. या वेळी राहवलं नाही, फोन आधी केला. आणि आता लिहिणं होत नाहीये.

झालं काहीच नाही. ताई फक्त "बघते" म्हणाली.

'साबर बोंडं' या सिनेमाबद्दल सांगत होते. "कुठे लागलाय?" नाही, "कोण कोण आहे त्यात?" नाही. दारावर आलेल्या माणसाला वाटेला लावताना म्हणतो ना, तसं "हो, बघते." आणि लगेच कोजागिरीला दूध किती घ्यायचं, तो विषय.

२४ तारखेला दुपारच्या शोला गेले होते, एकटीच. थिएटरात जेमतेम दहा माणसं. मुंबईतला मुलगा, वडील गेल्यावर सुतकाचे दहा दिवस काढायला गावी जातो. तिथे लहानपणीचा मित्र पुन्हा भेटतो, आणि दोघांमधलं प्रेम कोणाला सांगता येण्यासारखं नाही. घरात माणूस गेलाय तरी नातेवाइकांचा लग्नाचा धोशा थांबत नाही. दिग्दर्शक रोहन कानवडे यांचा कॅमेरा बहुतेक वेळ जागेवर शांत असतो. माणसं चौकटीत येतात, बसतात, उठून जातात, आणि आपण त्या घराच्या कोपऱ्यात पाट टाकून बसल्यासारखे बघत राहतो. साबर बोंड म्हणजे निवडुंगाचं फळ, ते मी आजोळी खाल्लंय. वरची कुसं नीट घासून काढली नाहीत तर ओठात रुततात. दिसत नाहीत, पण दिवसभर सलतात. आत मात्र लालबुंद, गोड. मध्यंतरात दिवे लागले, काहीतरी बोलायला म्हणून शेजारच्या खुर्चीकडे वळले. खुर्चीवर माझीच पर्स.

परतताना टेंभी नाक्याच्या देवीच्या गर्दीत बस अडकली. उतरून तलावपाळीला वळसा घालत चालत घरी आले. तेवढ्या वाटेत ताईला काय काय सांगायचं ते मनात लावून झालं होतं. ते पाट टाकून बसणं, ती कुसं, सगळं. आणि फोनवर तोंडातून पहिलं काय निघालं? जानेवारीत अमेरिकेतल्या संडान्स चित्रपट महोत्सवात ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळालं. पेपरात आलेलंच मी तिला पुन्हा वाचून दाखवलं. त्यावर "बघते"शिवाय माणूस काय म्हणणार?

पण नुसतं तेवढंच नव्हतं त्या "बघते"त. काहीतरी मिटून घेतल्यासारखं होतं.

बाकीचा महिना रेडिओचा. ८ तारखेला आशाताईंचा वाढदिवस, २८ला लतादीदींची जयंती. सप्टेंबर म्हणजे या दोघी बहिणींचाच महिना. आज विविध भारतीचा वाढदिवस, १९५७ सालचा. सकाळी स्वयंपाकघरात मुद्दाम आवाज मोठा ठेवला. बाबांचा ट्रान्झिस्टर ताईकडे आहे. तिनेही लावला असेल का? असो.

'पथेर पांचाली' पुन्हा पाहिला, काशफुलांसाठी. दुर्गा आणि अपू त्या फुलांतून आगगाडी बघायला धावतात. तो प्रसंग १९५२च्या शरदात चित्रित करायला घेतला, थोडा झाला. आठवड्याने दिग्दर्शक सत्यजित राय पुन्हा तिथे गेले तर गुरांनी फुलं खाऊन टाकलेली. मग पुढच्या वर्षी पुन्हा फुलं येईपर्यंत थांबले. हे थांबणं मला त्या सिनेमाइतकंच आवडतं.

दहा दिवस. हे वर लिहिताना पेन थांबलं होतं, पण तेव्हा कळलं नाही. मी तिसऱ्या दिवशी पोचले होते. ताई पहिल्या रात्रीपासून होती, आल्यागेल्याचं सगळं तिनेच केलं. आणि मी तिला म्हणत होते, तिकीट काढ आणि ते पुन्हा बघ. ती "नको" म्हणाली नाही. "बघते" म्हणाली.

रागावून बसले होते मी तिच्यावर. चार दिवस.

आणि माझं "वाचते"? गेल्या दिवाळीत तिने एक दिवाळी अंक हातात दिला होता, एका पानाचा कोपरा दुमडून. "ही एवढी एकच गोष्ट वाच." मी "वाचते" म्हटलं होतं. सूर आठवतोय माझा. आत्ता उठून कपाटावर शोधलं. गणपतीच्या आधी रद्दी काढली, त्यात गेला तो.

उद्या मराठी ग्रंथ संग्रहालयात जाऊन येते. १८९३ पासून पुस्तकं सांभाळणाऱ्या माणसांकडे गेल्या वर्षीचा अंक सापडेल. पण त्यातली गोष्ट कोणती, ते तिलाच विचारावं लागणार. अंक रद्दीत गेला हेही सांगावं लागणार.

सोमवारी येतेय ती. दूध दोन लिटर जास्त सांगितलंय.