घड उतरला की

दुपारी जेवून जरा पाठ टेकली होती तर मागच्या सांदवाडीतून धप्पकन आवाज आला. वानेरं आली वाटून काठी घेऊन धावली, तर वानेरं कुठली, घडाच्या वजनानं केळच आडवी झालेली, लावलेल्या बांबूसकट. न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ ही, तिला कधी कुणी खत घातलं नाही.

केळं पुरती भरली नव्हती अजून. भरली की धारा बुजून गोल होतात, यांच्या धारा चांगल्या दिसत होत्या. पण आडवी झाली म्हणजे उतरवणं आलंच, आणि एकदा घड देऊन झाला की त्या केळीला दुसरा येत नाही, बुडाशी पिलं असतात ती पुढं. घड उतरवायला आमच्याकडं बाबांचा एक जुना शर्ट ठेवलेला आहे, कारण चीक आधी पाण्यासारखा दिसतो न मग असा तपकिरी बसतो की कपडा फाटेल पण डाग जाणार नाही. त्या शर्टाचा मूळ रंग कोणता यावर घरात अजून एकमत नाही.

आजी घड कोठीत तणसीत दाबायची, वरून पोतं. केळं स्वतःच इथिलीन नावाचा वायू सोडतं, कोंडलं की लवकर पिकतं वगैरे कॉलेजात शिकली मी, पण आजीचा नियम साधा, कोठीत कोणी जायचं नाही, "वास मोडते". आम्ही जायचोच. अंधारात तणसीत हात खुपसून एकेक दाबत जायचं, मऊ लागलं की तिथंच खायचं आणि साल परत तणसीत. मग एका दिवशी सगळी एकदम पिकायची, पहिली फणी देवाला, मग शेजारीपाजारी, आणि तरी इतकी उरायची की सकाळ-संध्याकाळ पोळीसंग शिकरण, शेवटी बैलही तोंड फिरवायचे.

मला विचाराल तर पिकलेलं केळं म्हणजे कच्च्या केळ्याचा सत्यानाश. हाताला तेल लावून साल काढायची, फोडी लगेच मिठाच्या पाण्यात टाकायच्या (नाहीतर काळ्या पडतात), मग मोहरी, ठेचलेला लसूण, तिखट, मंद आचेवर झाकण, आणि उतरवताना वरून जवसाची चटणी. बस. केळफुलाची भाजीही आवडते, पण एकेका फुलातली कडक काडी न पापुद्रा काढत कोण बसेल? त्याला समोर बोलणारं माणूस लागतं.

आज फण्या वाटायला निघाली तर समोरच्या घराला कुलूप, ते लेकाकडं पुण्याला. बाजूच्या काकूंना शुगर. "दोन ठेव माय, जास्त नोको, खाणारं कोन हाय इथं?" त्यांनी दोनच मोडून घेतली, बाकीची फणी माझ्याच हातात.

उरलेल्याचं काय करायचं ते बघू. थोडी भजी तर होतीलच.