तबल्यावरचा दिल्लीचा कायदा आणि चढ-उताराची लय: आठवडे 1 ते 4

कायदा म्हणजे तबल्यावरच्या बोलांची ठरलेली रचना. बोल: धा धा ति ट धा धा तू ना, ता ता ति ट धा धा धि ना. ति मधल्या बोटाने, ट तर्जनीने, दोन्ही शाईच्या (पुडीवरच्या काळ्या गोलाच्या) मध्यावर. चौगुनीत (एका ठोक्यात चार बोल) कायदा चार वेळा वाजवला की तीनतालाचं एक आवर्तन, म्हणजे 16 ठोक्यांचा एक फेरा, भरतं. तपासणी त्या एका आवर्तनाचीच.

लागोपाठ तीन आवर्तनं साफ आली तर लय 4 ने वर, एक बिघडलं की लगेच 4 ने खाली. सुरुवात मिनिटाला 60 ठोक्यांवर. चढती लय उतरू लागली किंवा उतरती चढू लागली की एक वळण. पहिली दोन वळणं येईपर्यंत पायरी 4 ऐवजी 8 ची. दहा वळणं झाली की थांबायचं आणि शेवटच्या सहांची सरासरी वहीत लिहायची. या नियमाने लय साधारण 79 टक्के आवर्तनं साफ येतील अशा जागी घुटमळते. एकाच साफ आवर्तनावर लय वाढवली तर निम्मी बिघडलेलीच वाजतात आणि हात तेच पाठ करतो.

चुका तीनच धरल्या: ट ऐकू न येणं, खालीत ('ता ता ति ट' या भागात) डाव्या हाताचा डग्गा बोलणं, सम (आवर्तनाचा पहिला ठोका) हुकणं. वाजवताना कान फार उदार असतो. म्हणून लय वाढवण्याआधी फोनवरचं रेकॉर्डिंग अर्ध्या वेगात ऐकायचं.

पहिला आठवडा 72, दुसरा 80, तिसरा 81. अडकलं.

रेकॉर्डिंगमध्ये दरवेळी ट खाल्लेला. 80 च्या चौगुनीत एक बोल 0.19 सेकंदाचा. धा वाजतो त्या चाटेवरून (पुडीच्या कडेवरून) शाईवर यायला तर्जनीला दोन बोलांचा अवकाश मिळतो, कारण मधला ति दुसऱ्या बोटाचा. परत चाटेवर जायला मात्र एकाच बोलाचा. मग ती ट अर्धवट टाकून पळते. दोष तिटमध्ये नाहीच, 'ट-धा'च्या सांध्यात आहे. नुसतं तिटतिट घोटून तो सुटत नाही.

चौथ्या आठवड्यात 'ति ट धा ऽ' (ऽ म्हणजे एका बोलाचा थांबा) एवढाच तुकडा, 64 पासून, त्याच नियमाने. अनामिका टेकलेली, तर्जनी कमीत कमी उचललेली. तुकडा आणि पूर्ण कायदा आलटून पालटून. शे आणि मॉर्गन या संशोधकांच्या 1979 च्या प्रयोगात असा मिसळलेला सराव करताना कच्चा दिसला, पण दहा दिवसांनी जास्त टिकला. आठवड्याअखेर कायदा 86.

सकाळी हात गरम न करता ट साफ येणारी लय मात्र 78. खरा आकडा हाच धरावा. पुढे दोन पलटे (याच बोलांची फेरमांडणी), सुरुवात 70 वर.