बावीस हजाराचं हेल्मेट आणि आतला थर्माकोल

माझं साताऱ्यात हेल्मेटचं दुकान आहे. परवा भर पावसात एक पोरगा वडिलांना घेऊन आला, हातात बावीस हजाराचं इम्पोर्टेड हेल्मेट, म्हणाला दादा काच तेवढी बदलून द्या. कासवरनं येताना यवतेश्वर घाटात गाडी स्लिप झालेली, खांदा सोलवटलेला पण डोक्याला काही नाही. हेल्मेटवर पण चार ओरखडे, बाकी चकाचक.

मी आतलं पॅडिंग ओढून काढलं. कानाच्या वर थर्माकोल अंगठा मावेल एवढा दबलेला आणि तिथनं बारीक तडा पार कडेपर्यंत गेलेला. त्याला बोट लावून बघायला लावलं. हा दबतो म्हणून डोकं वाचतं, पण एकदा दबला की परत फुगत नाही, त्याच जागी पुन्हा मार बसला तर सगळा कवटीवर. म्हटलं काच टाकून देणार नाही.

वडील भडकले, "आवो मग एवढं पैसं कशाला घातलं ह्यानं? हजाराच्यानं वाचलं नसतं व्हय डोकं?"

काका बोलले त्यात तथ्य आहे. हजार-बाराशेच्या खऱ्या आयएसआय हेल्मेटात पण हाच थर्माकोल असतो, फक्त छाप खरा पाहिजे, त्यावरचा सीएम/एल नंबर, म्हणजे कंपनीचा लायसन नंबर, सरकारच्या बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून बघायचा. रस्त्याकडेला तीनशेला मिळतं त्यात नुसता स्पंज, ते घेऊच नका, हात जोडून सांगतो. पाच-सात हजारात ईसीई २२.०६ वालं, म्हणजे युरोपातल्या हेल्मेट टेस्टचा छाप असलेलं मिळतं, त्यात तिरका मार बसून डोकं गरकन फिरतं त्याची पण टेस्ट असते, ते पैसे मी वसूल धरतो. त्याच्या वरचे पैसे बहुतेक हलकं वजन, हवा खेळणं, वाऱ्याचा आवाज कमी येणं ह्याचे, रोज हायवेनं पुण्याला जाणाऱ्याला ते लागतं पण. ब्रिटनमध्ये सरकारची शार्प म्हणून टेस्ट आहे, तिथं स्वस्तातल्या हेल्मेटांना पण पाच स्टार मिळालेत.

मग टेप काढून भुवयांच्या वरनं माप घेतलं तर ५७ सेंटीमीटर, आणि हा घालत होता एल साईज! घालून मान हलवायला लावली तर हेल्मेट मागनं फिरतंय. बक्कल लावलेलं होतं म्हणून त्या दिवशी डोक्यावर टिकलं. गाल दाबले जातील असं एम साईजचं साडेपाच हजाराचं दिलं.

जुनं घरी शोला ठेवतो म्हणाला. ठेव म्हटलं, पण उद्या धाकटा भाऊ घालून जाईल, म्हणून त्याला विचारून दोन्ही पट्टे कात्रीनं कापूनच दिलं.