१-०-१

सदाभाऊ माझ्याकडे बारा वर्षं येतात. (नाव बदललं आहे.) मूळचे संगमेश्वरकडचे, काळी-पिवळी टॅक्सी स्वतःची, हप्ता अजून चालू. लालबागमध्ये माझा दवाखाना आहे आणि कोपऱ्यावरच्या स्टँडवरचे निम्मेअधिक ड्रायव्हर माझे पेशंट आहेत. मागच्या मे महिन्यात एका सकाळी साडेअकराला सदाभाऊ आले ते हातात फॉर्म घेऊनच.

"डॉक्टर, लायसनचं रिन्यूअल आलंय. तेवढी सही द्या. बाराला एअरपोर्टचं भाडं आहे."

हा फॉर्म १-अ. टॅक्सी, ट्रक, बस चालवणाऱ्यांना लायसनसाठी डॉक्टरचा जो दाखला लागतो तो. चष्मा लावून नीट दिसतं का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, पंचवीस मीटरवरून गाडीची नंबर प्लेट वाचता येते का, हॉर्न ऐकू येतो का, रातांधळेपणा आहे का, हातापायांत व्यंग आहे का. असे फॉर्म मी शेकड्यांनी भरले आहेत. एजंट मंडळी तर माणूस न आणता नुसता कागद पुढे करतात. त्यांना मी दारातूनच परत पाठवते, आणि त्याबद्दल मनात एक समाधान बाळगून होते, की आपण माणूस समोर उभा करून तपासतो.

दवाखान्यात पंचवीस मीटर कुठून आणणार? म्हणून मी सगळ्यांना पायरीवर उभं करते आणि रस्त्यापलीकडे लावलेल्या गाड्यांचे नंबर वाचायला लावते. सदाभाऊंनी पहिला नंबर वाचला. दुसरा विचारल्यावर बराच वेळ गप्प राहिले आणि पहिलाच नंबर पुन्हा म्हणाले. मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली असेल, रस्त्यावर आवाज तर किती! तिसरा नंबर बरोबर वाचला. आत येऊन बसले, जांभई दिली. कपाळावर घाम होता, पण मे महिन्यात मुंबईत कोणाच्या कपाळावर नसतो?

बीपी बघितलं, कानांची तपासणी झाली. मग मी सहीसाठी कागद पुढे सरकवला. त्यांची सही मी ओळखते. टपोरी अक्षरं, खाली सरळ रेघ. त्या दिवशी ती सही चौकटीतून निघाली आणि उतारावरून घसरल्यासारखी खाली गेली. पेनाचं टोपण लावायला गेले तर ते दोनदा चुकलं. "किती वेळ लावताय हो?" असं एकदम खेकसले. बारा वर्षांत या माणसाने माझ्यापुढे आवाज चढवलेला नाही. हात धरला तर तळवा गार, ओला, बारीक थरथरणारा.

बोटाला सुई टोचली. ग्लुकोमीटरवर आकडा आला ५४.

सत्तरच्या खाली गेली की साखर कमी झाली असं आम्ही धरतो. चोपन्नला मेंदू अर्धपोटी काम करत असतो. दिसतं, ऐकू येतं, पायही हलतो, फक्त समोर दिसलेल्याचा अर्थ लागायला वेळ लागतो. ब्रेकवर पाय जायचा त्या क्षणी तो वेळ कुठून आणायचा? ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून दिली, पंधरा मिनिटांनी पुन्हा टोचलं, ७९. कंपाउंडरने समोरून दोन केळी आणि बिस्किटं आणली. टॅक्सीची किल्ली मी टेबलावरून उचलून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवली. एअरपोर्टचं भाडं स्टँडवरच्या दुसऱ्या ड्रायव्हरला दिलं. साखर वर आली तरी डोकं पूर्ण ताळ्यावर यायला पाऊण तास लागू शकतो, आणि त्यांच्या मधुमेहाच्या गोळीचा असर दिवसभर राहत असल्यामुळे साखर पुन्हा खाली जाण्याची भीती होती. त्या दिवशी त्यांची गाडी त्यांच्या पुतण्याने घरी नेली.

ते शांत झाल्यावर मी गोळ्या मागितल्या. प्लास्टिकच्या पिशवीतून तीन पट्ट्या निघाल्या.

पहिली माझीच होती. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन, एकाच गोळीत. तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी (एचबीए१सी) ८.४ टक्के आली म्हणून फेब्रुवारीत मीच ग्लिमेपिराइडचा डोस एकवरून दोन मिलिग्रॅम केला होता. हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं, पोटात अन्न असो वा नसो. चिठ्ठीवर मी लिहिलं होतं, नाश्त्याआधी.

"कधी घेता ही?"

"नाश्त्याच्या आधीच घेतो. पहाटे पाचला, चहाबरोबर."

"आणि नाश्ता?"

"तो मिळेल तेव्हा. गॅसची लाईन असते, मग दादरला गाडीची भाडी. दहा वाजतात, कधी अकरा."

त्यांनी माझा शब्द तंतोतंत पाळला होता. गोळी नाश्त्याच्या आधी होती. पाच तास आधी.

दुसरी पट्टी प्रिगॅबालिन आणि नॉरट्रिप्टिलीनची, कमरेतून पायात जाणाऱ्या कळेसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दोन महिन्यांपूर्वी लिहिलेली. चिठ्ठीवर १-०-१. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आपल्याकडे हे तीन आकडे निरक्षर माणसालाही वाचता येतात, इतकी ही पद्धत रुळली आहे. पण त्यातला पहिला एक गाडी चालवणाऱ्याच्या पोटात गेला की सकाळच्या धंद्याच्या वेळी डोळ्यांवर झापड आणतो, हे त्या आकड्यांत कुठेच दिसत नाही. तिसरी पट्टी सेटिरिझिनची, मेडिकलमधून स्वतःच घेतलेली. दिवसभर धूर आणि धूळ, त्यामुळे शिंका, म्हणून रोज सकाळी एक. तिन्ही गोळ्या एकाच घोटाबरोबर, पहाटे पाचला.

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. महिन्याभरापूर्वी फ्रीवेवरून चेंबूरला उतरायचं होतं, पॅसेंजर म्हातारं जोडपं. बोगदा संपला आणि उतरायचं वळण कधी मागे गेलं ते कळलंच नाही. "झोपलो नव्हतो डॉक्टर, शपथ. डोळे उघडेच होते. आतून रिकामं रिकामं झालं." मी त्यांचा फॉर्म १ पाहिला. त्यात अर्जदाराने स्वतः द्यायची उत्तरं असतात. फिट येते का, अचानक शुद्ध हरपते का, चक्कर येते का, या प्रश्नापुढे त्यांनी 'नाही' लिहिलं होतं. खोटं लिहिलं होतं असं मला वाटत नाही. त्यांच्या हिशेबी चक्कर म्हणजे डोळ्यांपुढे अंधारी येऊन माणूस पडतो ती. रिकामं वाटणं हा शब्द कुठल्याच फॉर्ममध्ये नाही.

आणि माझ्या फॉर्ममध्ये? डोळे, कान, हात, पाय, सगळ्यांची चौकशी आहे. तुम्ही रोज कुठल्या गोळ्या घेता, हा रकानाच नाही. मीही तो प्रश्न कधी स्वतःहून विचारला नव्हता. माणूस समोर उभा करून तपासते या समाधानात मी त्याची पिशवी बघायची विसरले होते, आणि त्या पिशवीतली एक पट्टी माझ्या हातची होती. या गोष्टीने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही.

मोटार वाहन कायद्यात कलम १८६ आहे. आपल्याला असा आजार किंवा व्यंग आहे की आपण गाडी चालवणं लोकांच्या जिवाला धोक्याचं आहे, हे स्वतःला ठाऊक असूनही जो चालवतो त्याला दंड. ठाऊक असूनही. पण त्याला ठाऊक करून देणार कोण? आरटीओच्या खिडकीवरचा माणूस नाही, मेडिकलवाला नाही. जो चिठ्ठी लिहितो त्याचंच ते काम. पूर्वी हे लायसन तीन वर्षांचं असे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांचं झालं. पाच वर्षांत माणसाच्या गोळ्या चारदा बदलतात. म्हणजे दाखल्याच्या दिवशीची तपासणी पुरेशी नाही, प्रत्येक नव्या चिठ्ठीच्या वेळी विचारायला हवं.

माझी एक वर्गमैत्रीण इंग्लंडमध्ये डॉक्टर आहे. तिकडे ट्रक आणि बस चालवणारा माणूस ग्लिमेपिराइडच्या जातीचं औषध घेत असेल तर त्याने दिवसातून किमान दोनदा आणि शिवाय गाडी चालवण्याच्या वेळांना धरून साखर तपासावी लागते. टॅक्सीचे परवाने तिथली स्थानिक कौन्सिलं देतात आणि त्यांतली बरीचशी हाच कडक नियम टॅक्सीवाल्यांनाही लावतात. ऐकून मला हेवा वाटला. त्या नियमात माणसाला थेट नापास केलेलं नाही, त्याला गाडी चालवत राहण्याची रीत घालून दिली आहे.

मी त्या दिवशी सही केली नाही. सदाभाऊंचा चेहरा उतरला. "लायसन गेलं तर हप्ता कोण भरणार? पोरीची बारावी आहे." लायसन संपायला तीन आठवडे होते. मी म्हटलं, मला दोन आठवडे द्या, तोवर गाडी पुतण्या चालवेल. राग होता त्यांचा, तो मी घेतला. ज्या माणसाचं पोट स्टिअरिंगवर आहे त्याला 'अनफिट' एवढं एकच उत्तर दिलं की तो पुढच्या वेळी पिशवी घरी ठेवून येतो. मग आपल्याला कळायचं काय?

ग्लिमेपिराइड बंद केलं. मेटफॉर्मिन ठेवून सिटाग्लिप्टिन दिलं. या दोन्हींनी साखर सहसा धोक्याइतकी खाली जात नाही. २०२२ मध्ये सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपलं आणि तेव्हापासून ते सदाभाऊंसारख्यांच्या खिशाला झेपतं. कमरेच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि सकाळची गोळी काढून फक्त रात्रीची ठेवली. सगळी एकदम बंद करता येत नाही, त्याचा वेगळा त्रास होतो. सेटिरिझिनच्या जागी नाकात मारायचा स्प्रे दिला, आणि फारच शिंका आल्या तर फेक्सोफेनाडिन, त्याने झोप येत नाही म्हटलं तरी चालेल. ग्लुकोमीटर माझ्या दवाखान्यातला जुना दिला. गाडी काढण्याआधी एकदा आणि दुपारी एकदा टोचायचं, पुतण्या गाडीवर असला तरी तुमचं घड्याळ तेच ठेवायचं, असं सांगितलं. आणि पहाटे पाचला गोळीबरोबर किमान एक भाकरी. वहिनींना बोलावून हे त्यांच्यासमोर पुन्हा सांगितलं, कारण पहाटे पाचला भाकरी त्याच करणार होत्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "रात्रीची शिळी चालेल ना?" चालेल म्हटलं.

तेराव्या दिवशी सदाभाऊ छोटी वही घेऊन आले. पंचवीस नोंदी, एक दुपार सुटलेली. सर्वांत खालचा आकडा ९६. पायरीवर उभे राहिले आणि चार गाड्यांचे नंबर मी विचारायच्या आधीच घडाघडा वाचले. सही टपोरी, खाली रेघ सरळ. मी दाखल्यावर सही केली. गोळ्यांसाठी रकाना नव्हताच, म्हणून लेटरहेडवर वेगळी चिठ्ठी केली: औषधांची नावं, कुठल्या वेळी, साखर ९० च्या खाली असेल तर आधी खायचं आणि मग गाडी, नवं औषध कोणीही दिलं तर आधी विचारायचं की मी टॅक्सी चालवतो, याने झोप येईल का. ती त्यांनी लॅमिनेट करून घेतली. समोरच्या सनशेडमागे, बॅजच्या कागदांबरोबर ठेवली आहे.

त्यानंतर स्टँडवरून एकेक जण पिशवी घेऊन येऊ लागला. सदाभाऊच पाठवत होते. आता मी पहिला प्रश्न बदलला आहे. कुठल्या गोळ्या घेता, याच्याआधी विचारते: गोळी घेता तेव्हा कुठे असता आणि पुढचे चार तास काय करता? एकाचा प्रोस्टेटची गोळी घेऊन सकाळी गाडीतून उतरताना दोनदा तोल गेला होता, त्याला ती रात्री घ्यायला सांगितली. एकाच्या खोकल्याच्या औषधात गुंगी आणणारं कोडीन निघालं.

आणि एकाच्या पिशवीत अल्प्राझोलमची, म्हणजे चिंता कमी करणाऱ्या पण झोप आणणाऱ्या गोळीची पट्टी होती, सहा गोळ्या उरलेल्या. दीड वर्ष रोज घेतो म्हणाला, कधी रात्री, कधी दुपारी गाडीतच. त्याची सही मी अडवली. ही गोळी एकदम सोडायची नाही, आपण हळूहळू कमी करू, काही महिने लागू शकतात, मी बरोबर आहे, असं सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, फॉर्म घडी करून खिशात घातला. "ठीक आहे डॉक्टर, दुसरीकडून घेतो." दुसरीकडे सही मिळते, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. त्याचा फोन लागत नाही. सदाभाऊ म्हणतात, तो हल्ली रात्रीची पाळी करतो, अकरानंतर सीएसएमटीच्या रांगेत असतो. गुरुवारी दवाखाना बंद केल्यावर मी तिकडे जाऊन येणार आहे.